एन्मा : धारकालाच पिणारी तलवार

एइइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही चित्रकथा १९९७पासून जपानच्या ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात चालू आहे. तिच्या वानो देशाच्या पर्वात तीन तलवारींनी लढणाऱ्या झोरोच्या हाती ‘एन्मा’ येते. एन्मा म्हणजे आपला यमच. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचलेला. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून दिवा लावणाऱ्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

तलवार मूळची कोझुकी ओदेनची. त्याची मुलगी हियोरी ती झोरोला देते, बदल्यात ‘शुसुइ’ ही देशाची ठेव परत मागते. ९५५व्या प्रकरणात झोरो ती पहिल्यांदा चालवून पाहतो. एकच वार, आणि कड्याचा मोठा भाग तुटून जातो. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे चित्र. झोरोचा दंड वाळलेल्या काटकीसारखा झाला आहे. ह्या कथेत ‘हाकी’ नावाची इच्छाशक्ती असते. एन्मा ती धारकाने द्यायची ठरवली त्याहून जास्त खेचून घेते. झोरो जोर लावून ती परत आत ओढतो, हात भरून येतो, आणि हा गडी खूश होऊन तलवार ठेवून घेतो.

ह्या प्रकारच्या चित्रकथांत बळ सहसा भावनेतून येते. मित्र पडला, आठवण आली, की नायक दुप्पट होतो. खर्चाचा हिशेब कोणी विचारत नाही. एन्मा तो हिशेब अंगावर मांडते. संवादाची गरजच नाही, दंडाची जाडी पुरते. ओदांची रेषा एरवी अतिशयोक्तीची. इथे तीच अतिशयोक्ती नेमके मोजमाप होते.

एन्मा ही झोरोसाठी संयमाची शाळा आहे, असा एक सरळ अर्थ लावता येतो. तो मला अपुरा वाटतो. १०३३व्या प्रकरणात, किंगशी झुंज ऐन भरात असताना, दूरवर शामिसेन वाजत असते आणि एन्मा पुन्हा उपसा सुरू करते. इथे झोरोला आठवतो शिमोत्सुकी कोझाबुरो, त्याच्या गावचा म्हातारा. एन्मा त्यानेच घडवलेली. झोरोजवळची ‘वादो इचिमोन्जी’सुद्धा. ह्या वेळी झोरो हाकी आवरत नाही. उलट राजांचीच मानली जाणारी हाकी तिन्ही पात्यांतून वाहू देतो. कड्यावरचा धडा होता ‘आवर’, इथला आहे ‘सोड’. दोन्ही एकाच तलवारीचे. मधल्या काळात बदलले ते एवढेच की आपण कशासाठी खर्च होतो आहोत हे झोरोला उमगले आहे: मेलेल्या कुइनाला आणि आपल्या कप्तानाला दिलेला शब्द. त्यामुळे ‘ताबा मिळवला’ ही भाषा मला इथे खोटी वाटते. झोरो तलवारीला रोखत नाही, तिची भूक भागेल इतका देणारा होतो.

तक्रार आहे ती ह्यानंतरची. किंग हरतो, झोरो कोसळतो, समोर मृत्यूची आकृती उभी राहते. यमाच्या नावाच्या तलवारीची किंमत वसूल होण्याची हीच जागा होती. पण झोरोने आधीच एक औषध घेतलेले असते. ते तात्पुरते बरे करते आणि नंतर दुप्पट वेदना देते. त्यामुळे वाचकाला कळतच नाही की हे देणे तलवारीचे की औषधाचे. दोन कर्जे एकाच वहीत लिहून ओदांनी एन्माचा हिशेब धूसर केला. ज्या लेखकाने एका वाळलेल्या दंडात सगळे सांगितले होते, त्याला औषधाची मदत घ्यावी लागावी ह्याचे मला अजून आश्चर्य वाटते. किंग हरल्यावर तो दंड कसा दिसत होता, हे पाहायला मला आवडले असते.