अनुकूल व्यापारतोल, पण कोणाला?

निर्यात आयातीपेक्षा जास्त असली की व्यापारतोल ‘अनुकूल’ आणि कमी असली की ‘प्रतिकूल’, असे आपली अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके शिकवतात. ही विशेषणे इतकी अंगवळणी पडली आहेत की अनुकूल म्हणजे नेमका कोणाला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. दादाभाई नौरोजींनी तो विचारला होता. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानची निर्यात वर्षानुवर्षे आयातीहून जास्त होती, तरी देश दरिद्री होत होता. त्या जादा निर्यातीचा मोबदला देशात परत येत नव्हता, हे त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखवले. आजचा भारत त्या स्थितीत नाही आणि शेजाऱ्यांशी चाललेल्या व्यापाराला तो सिद्धान्त लावण्याचे कारणही नाही. मात्र देशाच्या नावावर मांडलेल्या आकड्याच्या आत कोण आहे हे पाहण्याची त्यांची रीत आजही उपयोगाची आहे. भारत–बांगलादेश व्यापार त्या रीतीने वाचला, तर महाराष्ट्रातल्या काही तालुक्यांचे प्रश्न वेगळे दिसू लागतात.

आधी आकडा पाहू. २०२१–२२ या वर्षी भारताने बांगलादेशाला सुमारे १६ अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिथून सुमारे २ अब्ज डॉलरचा घेतला. पुढे निर्यात उतरली. २०२४–२५ मध्ये ती साडेअकरा अब्जांच्या आसपास होती, तर आयात दोन अब्जांच्या जवळपासच राहिली. तोल आपल्या बाजूने भरपूर झुकलेला आहे. दिल्लीत तो यशाचा पुरावा ठरतो, ढाक्यात तक्रारीचा. दोन्ही वाचने अपुरी आहेत. आपल्या निर्यातीत कापूस आणि सूत यांचा वाटा मोठा आहे. त्या सुताचे कपडे बांगलादेशात शिवले जातात आणि युरोप-अमेरिकेत विकले जातात. म्हणजे आपल्याशी असलेली तूट तो देश बऱ्याच अंशी पश्चिमेकडच्या कमाईतून भरतो आणि आपल्या जिनिंग-सूतगिरण्यांचा एक ग्राहक तिथल्या शिलाई कारखान्यांवर उभा आहे. दोनच देशांचा हिशेब वेगळा काढला की ही साखळी दिसत नाही.

साखळी दिसली नाही की ती तोडणे सोपे वाटते. २०११ पासून मद्य आणि तंबाखूसारख्या थोड्या वस्तू सोडून बांगलादेशाच्या मालाला भारतात शुल्कमुक्त प्रवेश आहे. पण २०१७ मध्ये तिथल्या तागाच्या मालावर आपण प्रतिपाटन शुल्क बसवले. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीच्या मार्गाने येणारे भारतीय सूत थांबवले. मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना सीमेवरची नाकी बंद केली. ते फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या बंदरांतूनच आणता येतील असे ठरले. जो माल पेट्रापोलच्या नाक्यावरून ट्रकने येत होता, त्याला आता समुद्राचा वळसा पडला.

कांद्याची गोष्ट याहून जुनी आणि आपल्या अधिक जवळची आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांद्याची निर्यात थांबवली. पुढच्याच आठवड्यात दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांद्याविना रांधायला सांगितले आहे, असे हसत सांगितले. त्या विनोदात एक साधी मागणी होती : बंदी घालायची तर आधी कळवा. त्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला अडीचशे टक्यांच्या वर गेला आणि तो विमानाने मागवावा लागला. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली, तीही अशीच अचानक. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला संपूर्ण बंदी. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट लागली. सप्टेंबरात ती अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी तेही संपले.

या तारखा शेतीच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहाव्यात. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. डिसेंबरची बंदी आली ती नेमका हा लाल कांदा बाजारात उतरत असताना. लासलगाव आणि आसपासच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, त्यामागे हे कारण होते. बंदीच्या काळात ‘मित्रदेशां’ना सवलत म्हणून बांगलादेशासाठी ५० हजार टनांची परवानगी निघाली, ती नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स या संस्थेमार्फत. व्यापाऱ्याने वर्षानुवर्षे जोडलेले गिऱ्हाईक अशा रीतीने सरकारी मेहेरबानीचा विषय झाले.

गिऱ्हाईक स्वस्थ बसत नाही. बांगलादेश सरकारने उन्हाळ्यातल्या कांद्याची लागवड वाढवायला घेतली आणि त्यासाठी शेतकऱ्यांना ‘एन-५३’ या वाणाचे बियाणे वाटले. हे वाण नाशिक जिल्ह्यातले. आपला माल वेळेवर मिळेल याची खात्री नसल्याने शेजाऱ्याने आपलेच बी लावले. यात त्याचा दोष काढता येत नाही.

संत्र्याच्या बाबतीत दार पलीकडून बंद झाले. वरूड, मोर्शी, काटोल भागातल्या संत्र्याचा बांगलादेश हा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक. २०१९ मध्ये तिथे किलोमागे २० टका असलेले आयातशुल्क २०२३ मध्ये ८८ टक्यांवर गेले. हा कांदाबंदीचा सूड आहे, असे विदर्भात बोलले जाते. सुडाची ही मांडणी मात्र पटत नाही. डॉलरची चणचण भासू लागल्यावर २०२२ मध्ये बांगलादेशाने अनेक आयात वस्तूंवर जादा शुल्क लावले आणि फळे त्यांत होती. विदेशी चलन वाचवायचे तर आधी फळ जाते, धान्य आणि सूत नंतर. म्हणून संत्र्याचा धडा निराळा आहे : एकाच शेजाऱ्यावर, एकाच ताज्या मालावर आणि प्रक्रियेविना उभी असलेली निर्यात त्या देशाच्या गंगाजळीइतकीच टिकाऊ असते.

आता स्थानिक निर्यातविकासाच्या योजनांकडे वळू. जिल्ह्यांनी निर्यात केंद्रे व्हावे, ही कल्पना पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१९ च्या भाषणात मांडली आणि त्यानंतर जिल्हा समित्या, आराखडे, वस्तूंच्या याद्या तयार झाल्या. शीतगृह, पॅकहाउस, प्रमाणपत्र, प्रशिक्षण या त्यांतल्या गोष्टी आवश्यकच आहेत. नाशिकच्या द्राक्षांनी त्यांचे मोल दाखवले आहे. प्रत्येक बागेची नोंद ठेवणाऱ्या ‘ग्रेपनेट’ व्यवस्थेमुळे युरोपचा विश्वास मिळाला. पण द्राक्षांवर कधी रातोरात निर्यातबंदी आली नाही, हेही त्या यशाचे कारण आहे. जिल्हा माल तयार करू शकतो, दर्जा सांभाळू शकतो. दार उघडे ठेवणे त्याच्या हातात नसते. दार केंद्राचे, अधिसूचना केंद्राची आणि आराखडा मात्र जिल्ह्याचा, ही या योजनांतली मूळ विसंगती आहे.

बंदीच्या बाजूने जे म्हणणे आहे ते हलके नाही. शहरातल्या हातावर पोट असलेल्या कुटुंबाला ऐंशी रुपये किलोचा कांदा परवडत नाही, आणि १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीपासून प्रत्येक सरकारला कांद्याची धास्ती आहे. ग्राहकाला सांभाळणे हे सरकारचे कामच आहे. आक्षेप आहे तो त्या कामाचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकला जातो याला. बंदीने भाव पाडला की तो खर्च सरकारी तिजोरीऐवजी उत्पादक देतो आणि उरलेला ढाक्यातला ग्राहक.

यावर तोड नाही असे नाही. ती आपल्याच व्यवहारात आहे. १९८१ च्या करारानुसार भारत मालदीवला दर वर्षी कांदा, बटाटे, अंडी, तांदूळ यांचा ठरावीक कोटा देतो आणि निर्यातबंदी असली तरी तो चालू राहतो. बांगलादेशाने डिसेंबर २०२२ मध्ये अशाच वार्षिक कोट्याची मागणी केली होती. मागणीचे प्रमाण फार मोठे, हे खरे. पण निदान कांद्यापुरती किमान हमी, आणि भाव कोणत्या पातळीला गेला की कोणते निर्बंध येतील याचा आधी जाहीर केलेला नियम, एवढे तरी शक्य आहे. असा नियम असेल तर येवल्याचा शेतकरी पेरणीच्या वेळी आणि बेनापोलचा आयातदार सौदा करताना हिशेब मांडू शकेल. तोपर्यंत वर्षअखेरीस जाहीर होणाऱ्या तोलाला ‘अनुकूल’ म्हणताना निदान चाळीतल्या कांद्याच्या मालकाला विचारून घ्यावे.