कोबुर्गचे नगरचिन्ह : श्रद्धा आणि रेखाटन

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील कोबुर्ग या छोट्या शहराच्या नगरचिन्हात सोनेरी पार्श्वभूमीवर कृष्णवर्णीय पुरुषाचे शिर आहे. ते नगराचे रक्षक संत मॉरिस यांचे होय. परंपरेनुसार ते इजिप्तमधील रोमन सैन्यदलाचे ख्रिस्ती सेनानी होते. १९३४ मध्ये नाझी राजवटीने हे चिन्ह हटवून मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार आणली. १९४५ मध्ये मूळ चिन्ह परतले. २०२० मध्ये ते वंशभेदी असल्याचा आक्षेप घेतला गेला. समर्थनार्थ नाझींच्या बंदीचा दाखला दिला जातो. तथापि वंशवाद्यांनी नाकारले, एवढ्याने चित्र निर्दोष ठरत नाही. जाड लाल ओठ आणि कर्णभूषण यांतून संतापेक्षा साचेबद्ध ‘परका’च अधिक दिसतो. श्रद्धा आदराची, रेखाटन मात्र उपहासाकडे झुकणारे, ही या प्रतीकातील मूलभूत विसंगती होय. म्हणून संत राखून रेखाटन बदलणे, हेच अधिक न्याय्य ठरते.