उर्नेसचे काष्ठमंदिर : शिल्प आणि मंडळी

नॉर्वेच्या पश्चिम भागात, लुस्त्राफ्योर्डच्या काठी असलेले उर्नेसचे लहानसे लाकडी चर्च कलेतिहासाच्या ग्रंथांत भेटते ते बहुधा उत्तर भिंतीवरील कोरीव द्वारापुरतेच. एकमेकांना वेढे घालणारे कृश सर्पाकार देह आणि त्यांत गुंतलेला, चावणारा चतुष्पाद ही रचना इतकी प्रभावी आहे, की एका संपूर्ण शैलीला या खेड्याचेच नाव मिळाले. पण हे द्वार आपल्या भिंतीहून जुने आहे. वृक्षवलयांच्या गणनेवरून त्याचे लाकूड सुमारे १०७० चे, तर सध्याच्या वास्तूचे ११३० च्या आसपासचे ठरते. आधीच्या चर्चचा अवशेष बाराव्या शतकातील सुतारांनीच नव्या भिंतीत बसविला. तेव्हा या वास्तूचे ‘मूळ रूप’ कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

१५३७ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेत लुथेरन धर्मव्यवस्था आली. मध्ययुगीन मिस्सेला अंधार चालत असे. उपदेश ऐकणाऱ्या मंडळीला बाके, व्यासपीठ व उजेड हवा. सतराव्या शतकात उर्नेसला हे सारे आले. बाकांच्या दाटीत स्तंभांची लय हरवते व कोरीव स्तंभशीर्षांकडे लक्ष जात नाही, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु तिच्यावरचा उपाय बोर्गुंडला पाहावा. चर्चमध्ये वस्तीच्या तीन-दशांश लोकांना जागा असावी, असा कायदा १८५१ मध्ये झाला. त्याने कित्येक जुनी काष्ठमंदिरे नामशेष झाली. बोर्गुंडला १८६८ मध्ये शेजारीच नवे चर्च उभे राहिले, म्हणून जुने वाचले. १८७७ मध्ये ते पुराणवास्तुरक्षक संस्थेकडे गेले आणि मध्ययुगीन रूपाच्या ओढीने त्यातील बाके काढण्यात आली. आज तेथे स्तंभ निर्वेध दिसतात, हे मान्यच. मात्र जिने तीन शतके ही वास्तू वापरात ठेवली, छपरे डागडुजली, त्या मंडळीची बसण्याची जागाच पुसली गेली. हा सौदा महागच म्हणावा लागेल.

उर्नेसची स्वतंत्र धर्मग्रामव्यवस्था १८८१ मध्ये संपली व वास्तू त्याच संस्थेकडे आली. १९७९ मध्ये जागतिक वारशात तिची गणना झाली. तरीही बाके व व्यासपीठ जागेवर आहेत, आणि विवाह व बाप्तिस्मा क्वचित होतात. वेदीकडे पाहणाऱ्यास वेदीकक्षाच्या मुखावर बाराव्या शतकातील क्रूसारोहणाचा काष्ठसमूह दिसतो, आणि त्यापलीकडे वेदीवर, १६९९ च्या फलकात, पुन्हा तोच प्रसंग. नवा फलक बसविणाऱ्या लुथेरन मंडळीने जुनी मूर्ती उतरविली नाही.