भिंतीवरचा कसीदा

उर्दूच्या तासाला कसीदा शिकवायची वेळ आली की मुलांपेक्षा शिक्षकच जास्त अवघडतो. गझल प्रेमाची, मर्सिया शोकाचा, मग कसीदा कशाचा? बादशहाच्या, नवाबाच्या, वजिराच्या तारीफचा. आणि त्याबद्दल शायराला काही ना काही मिळायचे. हे ऐकले की वर्गातला एखादा हुशार मुलगा विचारतोच, "म्हणजे चमचेगिरी ना, सर?" त्याला गप्प करणे सोपे असते, उत्तर देणे अवघड. (मराठी वाचकांनी येथे भरतकामाचा कशिदा आठवू नये. तो शब्द निराळा.)

हाच प्रश्न भित्तिचित्रकाराच्या बाबतीत विचारला जातो, आणि तो अधिक तिखटपणे विचारला जातो. कॅनव्हास चित्रकार उसनवारी करूनही आणू शकतो. भिंत आणता येत नाही. ती बँकेची असते, सरकारची असते, विद्यापीठाची, धरणाची, विमान कंपनीची असते. परांची बांधायला माणसे लागतात, चुना-रंगाचा खर्च असतो, महिनोन्महिने काम चालते. म्हणून भित्तिचित्र बहुतेक वेळा कुणीतरी सांगितल्याखेरीज होतच नाही. आपल्याकडचे समीक्षक मग दोन टोके गाठतात. एक म्हणतो, फर्माइशी काम, त्यात कला कसली? दुसरा मालकाचे नाव झाकून ठेवतो आणि जणू चित्रकाराला रात्री स्वप्न पडले व सकाळी भिंत रंगली, अशा थाटात लिहितो. मला दोघांचेही पटत नाही.

कसीद्याच्या जुन्या उस्तादांकडे या बाबतीत एक चांगले माप होते. कसीदा एकदम तारीफने सुरू होत नाही. आधी तश्बीब येते. तिच्यात बहार असते, इश्क असतो, जमान्याची तक्रार असते. म्हणजे शायराचे स्वतःचे मन असते. मग एका वळणावर शायर ममदूहाकडे, ज्याची स्तुती करायची त्याच्याकडे वळतो. या वळणाला गुरेज म्हणतात. त्यानंतर मदह, आणि शेवटी दुआ. उस्ताद लोक शायराची परीक्षा मदहवर करत नसत. ती सगळ्यांची सारखीच असायची; प्रत्येकाचा बादशहा सूर्याहून तेजस्वी असायचाच. परीक्षा व्हायची गुरेजवर. शायर स्वतःच्या गोष्टीतून मालकाच्या गोष्टीत कसा शिरला? वळण कळू न देता, की धाडकन? शिरताना स्वतःचे काही बरोबर घेऊन गेला, की सगळे दाराशी ठेवून गेला?

गालिबला १८५० साली बहादूरशाह जफरने महिना ५० रुपयांवर तैमूरच्या घराण्याचा इतिहास लिहायला सांगितला. त्याचा एक भाग गालिबने पुरा केला, दुसरा कधी लिहिलाच नाही. १८५७ नंतर त्याने इंग्लंडच्या राणीचाही कसीदा लिहिला. तरी गालिबला कुणी दरबारी म्हणून बाजूला टाकले नाही. चित्रकाराला मात्र आपण ही सवलत देत नाही.

हे माप घेऊन मी सादिकैनच्या भिंतींकडे पाहतो. सादिकैन अमरोह्याचा, खुशनवीसांच्या घराण्यातला, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेला. १९६१ साली त्याने कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तानसाठी एक लांबलचक भित्तिचित्र केले. बँकेची भिंत म्हटल्यावर काय अपेक्षा असते? नाणी, कारखान्याचे धुराडे, डोलणारे गव्हाचे पीक, फार तर एखादा हसतमुख शेतकरी. सादिकैनने काढले ते सॉक्रेटिस आणि अफलातूनपासून मुसलमान जगातल्या विद्वानांमार्गे युरोपच्या जागृतीपर्यंत आणि पुढे इक्बाल, आइनस्टाइनपर्यंत चालत आलेले विचारवंत. चित्राचे नाव 'काळाचे खजिने'. बँकेला खजिना हवा होता, त्याने खजिनाच दिला. पण तिजोरीतला नव्हे. याहून सुंदर गुरेज मला भित्तिचित्रात दुसरी माहीत नाही. मालकाचा शब्द जसाच्या तसा ठेवून त्याचा अर्थ आपल्या बाजूला ओढून घेणे, ही गोष्ट दरबारातले चांगले शायरच करत असत.

मंगलाच्या धरणाची गोष्ट इतकी सरळ नाही. झेलमवरचे हे धरण १९६७ साली पुरे झाले. त्याच्या वीजगृहात सादिकैनने 'श्रमाची गाथा' रंगवली. लांबी १७० फुटांच्या आसपास, उंची २३ फुटांच्या घरात. छापील पानावर या चित्राची दोन बोटे रुंदीची पट्टी होते, आणि त्या पट्टीवरूनही माणसांच्या अंगातला ताण जाणवतो. दगड फोडणाऱ्या माणसापासून यंत्रयुगातल्या माणसापर्यंत सगळा प्रवास आहे. आकृत्या उभट आणि कोनदार. कराचीजवळच्या गडानीच्या किनाऱ्यावर पाहिलेले निवडुंग सादिकैनच्या रेषेत कायमचे शिरले होते, त्यामुळे त्याची माणसे काट्यांतून उगवल्यासारखी दिसतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तो काळ अयूबखानच्या फौजी राजवटीचा. धरण ही त्या राजवटीची शान होती. पण या चित्राचा नायक राष्ट्राध्यक्ष नाही, हातोडा उगारलेला अनामिक माणूस आहे. ममदूहाची जागा सादिकैनने मजुराला देऊन टाकली. कसीदा तोच राहिला, बादशहा बदलला.

येथे थांबून सादिकैनची वाहवा करणे सोपे आहे, आणि उर्दू मासिकांत ती भरपूर झालेली आहे. पण मंगलाच्या पाण्याखाली जुने मीरपूर शहर गेले. लाखाहून अधिक माणसे उठली. त्यातली कितीतरी पुढे इंग्लंडच्या गिरण्यांत कामाला लागली. श्रमाची गाथा गाणाऱ्या या भिंतीचा विषय ती माणसे नाहीत. हातोडा मारणारा दिसतो. ज्याच्या घरावरून पाणी फिरले तो दिसत नाही. कोयना आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेली गावे ज्यांना माहीत आहेत अशा मराठी वाचकाच्या नजरेतून हे सुटू नये. श्रमाला सलाम करणे त्या सरकारला परवडणारे होते. विस्थापिताचा चेहरा त्याच वीजगृहात लावणे परवडले नसते. आपल्या मर्जीने बादशहा बदलणारा चित्रकारही भिंतीच्या मालकाला नको असलेला प्रश्न त्याच भिंतीवर विचारू शकला नाही, हे नोंदवल्याशिवाय या चित्राची समीक्षा पुरी होत नाही. एवढे नोंदवूनही ते चित्र मोठेच राहते.

आता आपल्या पंढरपूरच्या माणसाकडे येऊ. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा. मुंबईत आल्यावर त्यांनी सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरले. मजुरी चौरस फुटावर, आण्यांत. नायिकेच्या गालाचा एक चौरस फूट आणि मागच्या आभाळाचा एक चौरस फूट, दोन्हींचा दर एकच. या शाळेने हुसेन यांना दोन गोष्टी दिल्या: लांबून वाचता येईल अशी जाड रेषा, आणि मालकाने दिलेल्या वेळेत काम हातावेगळे करण्याची सवय. पुढे जगभरच्या भिंती त्यांनी याच बळावर पेलल्या.

पण हीच सवय १९७५ सालच्या 'लायटनिंग'मध्ये त्यांच्या अंगावर आली असे मला वाटते. मुंबईतल्या काँग्रेसच्या सभेसाठी केलेले हे १२ फळ्यांचे, सुमारे ६० फूट लांबीचे काम. वर्ष आणीबाणीचे. पांढरे घोडे उधळलेले आणि त्यांच्यात गुंफलेली तेव्हाच्या सरकारी प्रगतीची चिन्हे. घोडे अस्सल हुसेनी आहेत, म्हणजे तश्बीब पहिल्या दर्जाची आहे. गुरेज मात्र शोधूनही सापडत नाही. घोडे थेट मदहमध्येच उधळतात. ते कुठे निघाले आहेत, कुणाला तुडवत निघाले आहेत, असा प्रश्न चित्राच्या कुठल्याच कोपऱ्यात उमटत नाही. सादिकैनने निदान बादशहा बदलला होता. येथे बादशहा जागेवरच आहे.

असे लिहिले की आपल्यातलेच काही जण नाराज होतात. हुसेन यांच्यावर १९९६ पासून खटल्यांचा भडिमार झाला, २००६ साली त्यांना देश सोडावा लागला, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घ्यावे लागले आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. एवढे सोसलेल्या माणसावर आपणही टीका करायची का, असे विचारले जाते. माझे म्हणणे असे की हुसेन यांना चित्र काढण्याचा हक्क होता यासाठी भांडणे वेगळे आणि प्रत्येक चित्राला दाद देणे वेगळे. दुसऱ्यांनी त्यांची चित्रे न पाहता शिव्या दिल्या. आपण न पाहता दाद दिली तर चित्रकाराच्या पदरी दोन्हीकडून सारखेच पडते.

सजीवांच्या तस्वीरचा प्रश्न मी येथे काढत नाही. तो उलेमांचा प्रांत आहे. आणि आपल्या घराघरांत लग्नाचे अल्बम व्यवस्थित जपून ठेवलेले असताना तो फक्त चित्रकारापुढेच का काढावा, हे मला कळलेले नाही.

गुरेज नाकारणाऱ्याचे काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते. मेक्सिकोचा दिएगो रिव्हेरा कम्युनिस्ट होता आणि भिंती मात्र भांडवलदारांच्या रंगवायचा. डेट्रॉईटच्या कला संग्रहालयात १९३२-३३ मध्ये त्याने एडसेल फोर्डच्या पैशाने २७ चित्रफलक केले. मोटार कारखान्यातला कामगार त्या भिंतींवर नायक म्हणून उभा आहे. विरोध झाला, पण फोर्ड मागे हटला नाही. ती चित्रे आजही तिथे आहेत. त्याच १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये रिव्हेराने चित्रात लेनिनचा चेहरा आणला. नेल्सन रॉकफेलरने पत्र लिहून तो काढायला सांगितले. रिव्हेरा म्हणाला, हवा तर लिंकन घालतो, पण लेनिन काढणार नाही. काम थांबवले गेले, ठरलेले पैसे पूर्ण चुकते झाले, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये चित्र फोडून टाकण्यात आले. फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर रंगवतात. गिलावा वाळला की रंग भिंतीचाच भाग होतो. फ्रेम काढून नेता येत नाही. हुसेन यांच्या १२ फळ्या २०१९ साली न्यूयॉर्कला जाऊन पोचल्या. रिव्हेराची भिंत न्यूयॉर्कमध्येच धूळ झाली. त्याने तेच चित्र मेक्सिको शहरात पुन्हा काढले, ही त्याची जिद्द. मला त्या घटनेत सर्वांत भीतिदायक वाटतो तो पूर्ण चुकता झालेला हिशेब. मालकाच्या लेखी व्यवहार स्वच्छ होता. पैसे दिले, माल माझा, मी फोडीन.

आपल्या देशात या हिशेबाला न्यायालयात उत्तर मिळाले आहे, आणि ते आपल्या कलाशिक्षकांनाही फारसे ठाऊक नाही. अमरनाथ सहगल यांना १९५७ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे भित्तिशिल्प करायला सांगण्यात आले. १४० फूट लांब, ४० फूट उंच असे ते काम १९६२ साली पुरे झाले. १९७९ मध्ये इमारतीच्या दुरुस्तीच्या निमित्ताने सरकारने ते उतरवले, त्यात त्याची मोडतोड झाली, आणि तुकडे कोठारात गेले. सहगल अर्ज-विनंत्या करत राहिले. १९९२ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. शिल्पाचे पैसे दिलेले आहेत, ते आमच्या मालकीचे आहे, ही सरकारची बाजू होती. २००५ साली न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा आधार घेऊन सांगितले की वस्तू विकली गेली तरी निर्मात्याचा आपल्या कृतीवरचा नैतिक हक्क संपत नाही. उरलेले तुकडे सहगल यांना परत करावेत आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी, असा निकाल झाला. तेव्हा सहगल ऐंशी ओलांडलेले होते. दोन वर्षांनी, २००७ मध्ये ते वारले.

मोठ्या नावांची ही कथा. आता आपल्या जिल्ह्यांत पाहा. शाळांमध्ये 'बोलक्या भिंती' करण्याची टूम आली तेव्हापासून गावोगावच्या पेंटरांना काम मिळाले. पूर्वी ट्रकच्या मागे गुलाब आणि पीरबाबांच्या दर्ग्याचा घुमट रंगवणारे हात आता पाढे, ऋतू आणि शरीराचे अवयव रंगवतात. यादी वरून आलेली, रंग वरून ठरलेले. उर्दू शाळांत तर आणखी गंमत. पेंटरला लिपी येत नाही, तो कागदावरचे अक्षर चित्रासारखे उतरवून घेतो. एका नुक्त्याचे तीन नुक्ते होतात आणि 'बाप'चा 'पाप' होतो. मुले हसतात, आम्ही खडूने दुरुस्त करतो, पावसाळ्यात खडू जातो. तरीही याच भिंतींवर कधीकधी यादीत नसलेले काही सापडते. ऋतूंच्या चित्रात पावसाळ्याच्या चौकटीत एका पेंटरने छत्री काढण्याऐवजी डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली बाई काढली होती. यादीत 'छत्री' लिहिलेले होते. ही गुरेजच. तिची समीक्षा कुणी लिहीत नाही.

आणि त्याच्या बिलात लांबी, रुंदी, चौरस फूट, दर आणि एकूण रक्कम एवढे पाच रकाने असतात. रंगवणाऱ्याचे नाव पावतीवर येते, भिंतीवर नाही. पुढच्या वर्षी नवी यादी आली की ती बाई चुन्याखाली जाईल, आणि त्यासाठी कुणालाही विचारावे लागणार नाही.