नाद : स्रष्टा कीं सृष्टि ?

‘नादब्रह्म’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्याचा अर्थ आपण क्वचितच पारखून पाहतों. नाद हेंच ब्रह्म असेल, तर गायन हीच उपासना ठरते. ख्रिस्ती धर्मशास्त्राला हें मान्य होणें शक्य नाहीं. त्याच्या मतें ईश्वर तेवढा स्रष्टा; बाकी सारें सृष्ट. नादहि सृष्टच, म्हणून तो वंद्य असला तरी उपास्य नव्हे. पाश्चात्त्य धर्मसंगीताविषयींचा जुना वाद या भेदाशीं निगडित आहे.

त्याचें बीज बायबलांतच सांपडतें. उत्पत्तीच्या पुस्तकांत सहा दिवसांच्या निर्मितीचें वर्णन आहे. त्यांत संगीताचें नांवहि नाहीं. तें येतें चौथ्या अध्यायांत, बंधुघातकी काइनाच्या वंशांतील युबालाबरोबर. उलट, पृथ्वीचा पाया घातला जात असतां प्रभाततारे गात होते, असें ईयोबाच्या पुस्तकांत म्हटलें आहे. मग संगीत ही कलंकित कुळांतील मनुष्याची युक्ति समजावी, कीं मनुष्याच्याहि आधींची ईश्वरी देणगी?

संत ऑगस्टीन आपल्या ‘कन्फेशन्स’मध्यें मिलान येथील चर्चमधल्या गायनानें आपणांस रडूं आल्याचें कृतज्ञतेनें सांगतो, परंतु गीताच्या अर्थापेक्षां स्वरानेंच मन अधिक हेलावलें तर तें पाप होय, अशीहि कबुली देतो. सृष्टीवर जडलेली प्रीति स्रष्ट्यापर्यंत पोंचेल ना, ही त्याची भीति. सोळाव्या शतकांत झूरिकच्या झ्विंग्लीनें, स्वतः निपुण वादक असूनहि, उपासनेंतून संगीत काढूनच टाकलें. मार्टिन ल्यूथरनें मात्र १५३८ सालीं एका संगीतसंग्रहाला प्रस्तावना लिहितांना, नाद हा आरंभापासून सर्व वस्तूंच्या ठायीं आहे, असें प्रतिपादिलें. आमच्या मतें ल्यूथरचा पक्ष अधिक ग्राह्य आहे. तथापि त्यानें ऑगस्टीनची शंका फिटत नाहीं. देणगी मोठी असली म्हणजे दात्याचा विसर पडण्याचा संभवहि मोठा असतो.

१७९८ सालीं व्हिएन्ना येथें प्रथम गायिल्या गेलेल्या हायड्नच्या ‘द क्रिएशन’ या कृतींत हे दोन्ही पक्ष दिसतात. तिचा आरंभ सृष्टीपूर्व अव्यवस्थेच्या वाद्यचित्रानें होतो. पण संगीत हें स्वतःच सृष्ट असेल, तर सृष्टीपूर्वीचें चित्र संगीतानें काढावें कसें? हायड्न गोंगाट करीत नाहीं. तो स्वरांना विसांवा मिळूं देत नाहीं, इतकेंच. ते स्थिरावतील असें वाटतें न वाटतें तोंच भलतीकडे वळतात. पुढें गायकवृंद अगदीं हलक्या आवाजांत गातो, आणि ‘प्रकाश’ या शब्दावर सारा वाद्यमेळ एकदम उसळतो. षड्ज तोच राहतो. कोमल गांधाराच्या जागीं शुद्ध गांधार येतो. एवढ्यानें उजाडतें!

१८०८ सालच्या प्रयोगांत या ठिकाणीं श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हां वृद्ध हायड्ननें हात वर करून, हें तेथून आलें, असें सुचविलें, अशी आख्यायिका आहे. ल्यूथरला हें उत्तर आवडलें असतें. परंतु याच कृतीच्या तिसऱ्या भागांत आदाम आणि हव्वा प्रथम ईश्वराची स्तुति गातात, आणि मग एकमेकांच्या स्तुतींत रमून जातात. तें युगुलगीत मोठें गोड आहे. तें ऐकतांना पहिल्या स्तोत्राची आठवण आम्हांस राहिली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आणि ऑगस्टीनला भय होतें तें याचेंच.