टॉवरमधील भाडेकरू आणि जातीचा प्रश्न

मागे एका शिबिरात माझे व्याख्यान संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने भर सभेत विचारले, "सर, तुम्ही वस्ती सोडून टॉवरमध्ये भाड्याने राहता. मग तुम्ही नेमके कुणाचे?" सभा हसली. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. शिकलेल्या दलिताने कुठे राहावे याविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते आहेत. एक मत असे की, टॉवरमध्ये गेलेला माणूस पांढरपेशा झाला, समाजाला मुकला. दुसरे असे की, पैसा आला की जात गळून पडते, तिथे कोण कुणाला विचारतो! ही दोन्ही मते खालून, रस्त्यावरून वर पाहून बनवलेली आहेत.

माझी परिस्थिती सांगतो. लोअर परळला, गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका इमारतीत एकविसाव्या मजल्यावर आम्ही राहतो. प्राध्यापकाच्या पगारात हे भाडे बसत नाही. पत्नी एका कंपनीत अधिकारी आहे. घर कंपनीने तिच्यासाठी घेतले आहे आणि करार कंपनीच्या नावाने आहे. ही बाब किरकोळ वाटेल, पण सगळी मेख तिच्यातच आहे. त्याआधी आम्ही स्वतःच्या नावाने तीन ठिकाणी घर पाहिले. तिन्ही ठिकाणी घर पसंत पडेपर्यंत बोलणे गोड होते. आडनाव सांगितल्यावर एकाचा पुतण्या अचानक परदेशातून परतणार होता, दुसऱ्याच्या घरात देवघर होते, तिसऱ्याने फोन उचलणेच सोडले. कंपनीला आडनाव नसते.

दलालांच्या जाहिराती हा आपल्या समीक्षकांनी अजून न वाचलेला वाङ्मयप्रकार आहे. त्यात 'जात' हा शब्द औषधालाही सापडत नाही. 'फक्त शाकाहारी', 'सुसंस्कृत कुटुंब हवे', 'कॉस्मोपॉलिटन सोसायटी' अशी भाषा असते. यातला शेवटचा शब्द मला फार दिवस कळला नव्हता. जगभरचे लोक इथे नांदतात, असा त्याचा अर्थ मी लावत होतो. दलालानेच शिकवले की, इथे मासे शिजवले तरी चालतील आणि मुसलमानालाही घर मिळू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे या शहरात माणसाला माणसासारखे घर मिळणे हा पोहण्याच्या तलावासारखा जाहिरातीत सांगण्याचा गुण झाला आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडथळा करणे गुन्हा ठरवले. पण कारण कोण सांगतो? देवघर सांगतात.

आता टॉवरच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर ही नुसती तक्रार होईल. आमच्या नळाला चोवीस तास पाणी आहे. ज्यांच्या आयांनी विहिरीच्या काठावर उभे राहून दुसऱ्याने ओतलेल्या पाण्याची वाट पाहिली, त्यांनी या नळाची टिंगल करू नये. मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी प्रथमच दार लावून वाचायला खोली मिळाली. माझे प्रबंधाचे निम्मे लेखन तिथे झाले. बाबासाहेबांनी परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत बरीच वर्षे काढली आणि पुढे दादरला राजगृह उभारले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. तेव्हा दाराआड वाचत बसणे म्हणजे समाजाशी द्रोह, हे मी मान्य करीत नाही.

परंतु राजगृह स्वतःचे होते. माझे घर 'लीव्ह अँड लायसन्स'चे आहे, आणि लायसन्स म्हणजे परवाना. जुन्या भाडेकायद्याने चाळीतल्या भाडेकरूला सहजासहजी हलवता येत नसे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार परवान्याची मुदत संपल्यावर राहिलो तर मला दुप्पट शुल्क भरावे लागेल. आजोबांचे भाडे काही रुपये होते आणि त्यांना हक्क होता. आमचे भाडे त्यांच्या जन्मभराच्या कमाईहून अधिक असेल, आणि आम्हाला फक्त परवानगी आहे, तीही अकरा महिन्यांची. बडोद्याला १९१७ साली पारशी नाव सांगून खाणावळीत राहिलेल्या बाबासाहेबांकडे लाठ्या घेऊन माणसे आली ती अकराव्या दिवशी. आकड्यांचा हा योगायोग मला दर नूतनीकरणाच्या वेळी आठवतो. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतील नायकालाही परगावी खोली मिळते ती जात न सांगितल्यामुळे. मी जात चोरलेली नाही. मला कुणी विचारलेच नाही. यात फरक आहे, असे मी स्वतःला बरेच दिवस समजावत होतो.

मे महिन्यात आई कोकणातून आली. अंगावर लुगडे, हातात सुकटीचे बोचके. दारावरच्या रखवालदाराने तिला सांगितले, "मावशी, मागची लिफ्ट." मागची लिफ्ट म्हणजे कामवाल्या बाया, सामान पोचवणारी पोरे, कचऱ्याचे डबे आणि कुत्री यांची. रखवालदार आपलाच आहे; जयंतीची गाणी त्याच्या मोबाइलवर वाजतात. त्याने आईची जात विचारली नाही. लुगडे पाहिले.

हा वर्गाचा प्रश्न आहे, असे माझे डावे मित्र म्हणतील. त्यांना मी याच परिसराचा इतिहास सांगतो. आजोबा इथल्याच एका गिरणीत रिंगखात्यात होते. विणाईखात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर घेईना, म्हणून ते खाते आपल्यांना बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तिथे मालक आणि मजूर असा भेद नव्हता, मजुरामजुरांतच होता. कचरा आणि माणूस एकाच लिफ्टमध्ये घालणारा विचार त्या धोट्याच्या घराण्यातला आहे. स्पर्शाने काहीतरी लागते, हा विचार वर्गाने स्वतः शोधलेला नाही. जातीकडून उसना घेतला आहे.

आईला काही वाटले नाही. वर येईपर्यंत तिची चार बायांशी ओळख झाली होती, एक तर संगमेश्वरची निघाली. वाटले ते मला. आणि मी गप्प बसलो, कारण करार जुलैत संपणार होता.

नवा करार झाल्यावर मी पत्र लिहिले. परवानाधारक सोसायटीचा सभासद नसतो, त्याला सभेत बोलता येत नाही. म्हणून पत्र आधी कंपनीकडे, तिथून घरमालकाकडे, मग समितीकडे, असा मार्ग सांगण्यात आला. ते कंपनीतच आहे. तिथल्या अधिकाऱ्याने सौजन्याने विचारले, हा विषय कराराच्या कोणत्या कलमात बसतो? मी करार दोनदा वाचला. भिंतीला खिळा ठोकण्याविषयी कलम आहे. पुढची मुदत जूनपर्यंत आहे, आणि आई दिवाळीला पुन्हा येणार आहे.