पाणी कुणाचं?

एक खेळ आहे. डोळे मिटायचे. समोरचा सांगतो, तुम्ही रानातून चाललाय. सोबत कोण? वाटेत जनावर भेटलं, केवढं? पुढं घर लागलं, लहान की मोठं? कुंपण आहे का? नंतर एक कप सापडतो. शेवटी पाणी लागतं. पाण्यात उतरता का? सगळं सांगून झालं की डोळे उघडायचे आणि तो तुमचं व्यक्तिमत्त्व तुमच्या हातात ठेवतो. जनावर म्हणजे तुमच्या अडचणी. घर म्हणजे महत्त्वाकांक्षा. कुंपण नसलं तर तुम्ही मनमोकळे. कप म्हणजे नातं. पाणी म्हणजे कामवासना.

पोरखेळ म्हणून सोडून दिला असता. पण याच्यामागं मोठ्या लोकांची रांग उभी आहे. आणि दलित कवितेचा अर्थ लावणारे पांढरपेशे समीक्षक नेमका हाच खेळ आमच्याशी खेळतात. म्हणून लिहितो.

नागाओ आणि साइतो या दोन जपानी लेखकांचं ‘कोकोलॉजी’ हे असल्या खेळांचं पुस्तक 2000 साली इंग्रजीत आलं आणि गाजलं. त्याच्या कितीतरी आधी, 1950 च्या दशकात, हान्सकार्ल लॉयनर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने कल्पनेतल्या प्रवासाची उपचारपद्धती उभी केली. कुरण, ओढा, डोंगर, घर, रानाची कड अशी ठरलेली ठिकाणं. पेशंटने डोळे मिटून तिथं जायचं आणि दिसेल ते बोलायचं. पण डॉक्टर हातात अर्थांची यादी घेऊन बसत नाही. तो विचारत राहतो, काय दिसतंय, कसं वाटतंय. खेळवाल्यांनी ठिकाणं उचलली आणि हे विचारणं टाकून दिलं.

मग लोकांना अर्थ पटतात कसे? 1948 साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. सगळ्यांना एकच! मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. पोरांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. गोलगोल बोललं की ज्याला त्याला आपलाच चेहरा दिसतो.

आता घराचं बघा. 1909 साली युंग फ्रॉइडबरोबर अमेरिकेला निघाला होता. त्या प्रवासात त्याला स्वप्न पडलं. दुमजली घर, वर जुन्या थाटाचा दिवाणखाना, खाली त्याहून जुना मजला, त्याखाली रोमन काळातलं तळघर, त्याच्याही खाली गुहा, गुहेत दोन कवट्या. युंगने अर्थ लावला, घर म्हणजे मन आणि मजले म्हणजे मनाचे थर. विचार मोठा आहे, मी नाकारत नाही. पण त्या स्वप्नात शिरताच त्याला वाटलं की हे आपलं घर आहे. हे वाटणंसुद्धा कुठूनतरी मिळालेलं असतं. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत सहा माणसं निजतात, तिथल्या माणसाला स्वप्नात एकच खोली दिसली तर त्याच्या मनाला थर नाहीत म्हणायचं? लहान घर दिसलं म्हणून त्याची महत्त्वाकांक्षा लहान?

मी हा खेळ आमच्या सूतगिरणीत जेवणाच्या सुट्टीत घेतला. रिंग खात्यातल्या एका पोराला रानात जनावर दिसलंच नाही. त्याला फॉरेस्टचा गार्ड दिसला. वाइंडिंगच्या एक मावशी होत्या. त्यांना विचारलं, “मावशी, म्होरं पाणी लागलं. उतरणार का?”

मावशी म्हणाल्या, “आधी सांग, पाणी कुणाचं हाय?”

यादीत या उत्तराला जागा नाही. यादी करणाऱ्याला पाणी कुणाचं तरी असतं हेच ठाऊक नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले आणि मागून हजारो माणसं प्याली. तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने 1924 सालीच केलेला. तरी आमची डोकी फुटली. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेले 108 घडे तळ्यात ओतून ‘शुद्धी’ झाली. हायकोर्टाचा निकाल आमच्या बाजूने लागायला 1937 साल उजाडलं. मावशींचा प्रश्न या सगळ्यातून आलाय. त्यात मावशी आहेत, त्यांची आई आहे, आख्खा गाव आहे. त्याला कामवासना म्हणणारा माणूस मन वाचत नाही, स्वतःची वही वाचतो.

तसंच कुंपणाचं. गावकुसाबाहेर ज्यांची वस्ती, त्यांना कुंपण दिसलं तर ते स्वभावाने बंदिस्त ठरतात. कुंपण घातलं कुणी, हे कोण विचारणार?

आमच्या कवितेचंही हेच होतं. अंधार आला की अज्ञान. गटार आलं की विकृती. शिवी आली की वैफल्य. कवी कुठं राहतो, कुठल्या पाळीला जातो, त्या गटारीत उतरून बापाने काय काढलं, याचा पत्ता नाही, पण निदान तयार. याउलट ‘गोलपिठा’ची (1972) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकर नामदेव ढसाळांच्या शब्दांपाशी अडले, तेव्हा त्यांनी अर्थ कवीलाच विचारले. प्रस्थापित असूनही विचारले. लॉयनरचा डॉक्टर करतो ते हेच.

प्रतिमेत माणूस दिसत नाही असं माझं म्हणणं नाही. दिसतो, लख्ख दिसतो. म्हणून तर आपण कविता लिहितो. पण तो एकटा दिसत नाही. त्याच्या पाठीमागे पाणवठा असतो, वस्ती असते, पाळी असते. तेवढं वगळून जे उरतं त्याला व्यक्तिमत्त्व म्हणायचं असेल तर ती चैन आम्हाला परवडणारी नाही.

तेव्हा दोस्तहो, दुसऱ्याची यादी घेऊन आपल्या ओळी तपासू नका. आपलं रान, आपलं घर, आपली वाट स्वतः लिहा. आणि समीक्षकांनो, पुढच्या वेळी आमच्या कवितेत पाणी लागलं तर अर्थ सांगायच्या आधी मावशींचा प्रश्न विचारा. उत्तर द्यायला आम्ही आहोत.